पितळी पाटी आणि मिनेसोटावाले

काकांच्या दारातल्या पायपुसण्यावर पाय ठेवला की वरच्या मजल्यावर त्यांच्या बेडरूममध्ये घंटा वाजायची. चोर आला तर मालकाला कळावं म्हणून ओहायोतल्या कुणा गृहस्थानं ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या आधी काढली होती आणि तिचं रीतसर पेटंटही घेतलं होतं. चोर पाय पुसून आत शिरतात असा त्या गृहस्थाचा अनुभव असावा. मी न्यू जर्सीत एडिसनमधल्या त्या घरात तीन-चार वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात त्या घंटेनं एकही चोर पकडला नाही. पोस्टमन मात्र रोज पकडला जायचा. शेवटी तो बिचारा लांबूनच हिरवळीवर पत्रं फेकून पळायला लागला, आणि काका खिडकीतून त्याची पाठ बघत समाधानानं म्हणायचे, "बघ, यंत्र काम करतंय."

मी त्या घरात पोचले ती ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात चिकटवलेली चिठ्ठी वाचून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं देशी दुकानं अगदी मोजकी होती, आणि मूगडाळ घ्यायला गेलेली मुलगी खोली, नोकरी किंवा नवरा यांपैकी काहीतरी घेऊनच बाहेर पडायची. मला खोली मिळाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मराठी कुटुंबात विद्यार्थिनीस खोली देणे आहे. स्वयंपाकघर वापरता येईल. विजेची भीती नसावी.’ शेवटची अट मला गमतीची वाटली. मी कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स करत होते, विजेची भीती वाटायला मला काही कारण नव्हतं. पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरातल्या दाढीच्या आरशानं मला ते दिलं. आरशावर वाफ धरू नये म्हणून त्याच्या मागं तारा बसवलेल्या होत्या. वाफ धरत नव्हती हे खरं आहे. आरशाला हात लावायची हिंमतच कुणी करत नव्हतं.

काका मूळचे वाईचे. पुण्यात इंजिनियर झाले आणि साठच्या दशकात इकडे आले. विजेची बटणं आणि स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करत. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय त्या घरात कुणाला चहा मिळत नसे. माणसाचं डोकं म्हणे साधारण १९२५पर्यंत चाललं. त्यानंतर लोकांनी फक्त जुन्याच वस्तूंना प्लास्टिक चढवलं. मी कॉम्प्युटर शिकते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं होतं. "म्हणजे सॉफ्टवेअर? त्याला वजन किती?"

"वजन नसतं काका."

"ज्याला वजन नाही ती वस्तू कसली? पायावर पडली तर कळायला पाहिजे."

त्या दिवसापासून माझं नाव सॉफ्टवेअर पडलं. ‘अगं सॉफ्टवेअर, जरा तो पाना दे,’ अशी हाक गॅरेजमधून आली की समजायचं, अमेरिकेचं विसावं शतक पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरू होतंय.

एडिसनमध्ये घर त्यांनी गावाच्या नावासाठी घेतलं होतं. संशोधकाच्या नावाचं गाव, असं ते दिमाखात सांगत. पण ज्याच्या नावाचं गाव त्याच्याबद्दल त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "त्याला काय कमी आहे? त्याच्या नावाचं गाव आहे. ज्यांच्या नावाची साधी गल्ली नाही त्यांचं काय?" त्यांचं दैवत म्हणजे हे गल्ली नसलेले लोक. आयोवातला लोहार, पेनसिल्व्हेनियातला दंतवैद्य, कॅन्ससमधली कुणी शाळामास्तरीण. आयुष्यात एकदा काहीतरी डोक्यात आलं, पेटंट घेतलं, आणि पुढं कुत्र्यानंही ज्यांना विचारलं नाही असे. काका दर शनिवारी नेवार्कच्या मोठ्या वाचनालयात जात. तिथं जुन्या पेटंटांच्या प्रती मिळत. त्यातली एखादी घरी आणत आणि गॅरेजमध्ये ते यंत्र उभं करत. गॅरेज यंत्रांनी भरल्यामुळं दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या राहत. जानेवारीत सकाळी सकाळी काकू फावड्यानं गाडी उकरून काढायच्या आणि आत काका बर्फ उकरण्याच्या यंत्राला तेल घालत बसलेले असायचे. ते यंत्र पुढं कधीतरी चालणार होतं.

पेटंटाच्या कागदाची सुरुवात त्या काळी ठरावीक असायची. काकांनी तिचं मराठी करून पाठ केलं होतं आणि ते ती खर्ज लावून म्हणत, "तमाम लोकांस कळावे की मी, अमुक अमुक, राहणार तमुक गाव, याने एक नवीन व उपयुक्त सुधारणा शोधून काढली आहे." ही भाषा त्यांच्या जिभेवर इतकी बसली होती की घरात सगळं तिच्यातच चाले. "तमाम लोकांस कळावे की चहा झालेला आहे." "तमाम लोकांस कळावे की माझा डावा मोजा सापडत नाही." त्यांची मुलगी नीता तेव्हा हायस्कुलात होती. तिचे मित्रमैत्रिणी घरी आले की ती आधीच हात जोडायची. "डॅड, प्लीज. नो अनाउन्समेंट्स. अँड डोन्ट शो देम द चेअर."

ती खुर्ची म्हणजे डुलती खुर्ची. डोक्यावर पंखा, खाली दांडे. आपण डुललो की पंखा हलायचा. पंख्याचा वारा हवा असेल तर जोरात डुलायचं, जोरात डुललं की घाम यायचा, आणि घाम आला की वारा आणखी हवासा वाटायचा. काकांच्या मते इतका परिपूर्ण शोध दुसरा नव्हता. जुलै महिन्यात पाहुणे त्यात बसून लालबुंद होत आणि काका विचारत, "येतोय ना वारा?" कुणाची नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती.

पण या सगळ्या पसाऱ्यात एक गोष्ट होती जिची मी कधी थट्टा केली नाही. प्रत्येक यंत्रावर एक पितळी पाटी असायची. मूळ संशोधकाचं नाव आणि त्याचं गाव, एवढंच. स्वतःच्या हातानं कोरलेली. काका त्या पाट्या चिंचेनं घासत. चिंच काकूंच्या आमटीत कमी आणि पाट्यांवर जास्त खर्च होई. घासता घासता ते म्हणत, "नाव ज्याचं त्याचं." यामागं एक दुखणं होतं. कंपनीत लागल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी एका स्विचची नवीन रचना काढली होती. ती पसंत पडली, तिचं पेटंटही झालं, पण अर्जावर नाव वरच्या साहेबाचं गेलं. काकांना शाबासकी आणि ख्रिसमसला एक टर्की मिळाला. घर शाकाहारी. काकूंनी तो शेजारणीला दिला. "वीस वर्षं झाली," काका म्हणायचे, "अजून कुठल्याही सरकारी खोलीत जाऊन पेटंटांच्या फळीवर बघा, माझं नाव नाही." आयुष्यात एक पेटंट स्वतःच्या नावावर हवं, एक पाटी आपल्या नावाची हवी, एवढीच त्या माणसाची मागणी होती. बाकी सगळं जग त्यांनी १९२५ सालीच सोडून दिलं होतं.

काकू नागपूरच्या. त्यांना यंत्रांविषयी मत विचारलं की त्या म्हणत, "चांगलंच आहे. बाहेर तर नाही ना जात कुठं." काकूंची पुरणपोळी म्हणजे मराठी मंडळाच्या गणपतीचं मुख्य आकर्षण. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन शनिवार-रविवारी गणपती उरकला जायचा, कारण बाप्पालाही तिथं वीकेंडलाच सुट्टी होती. पोळ्या मात्र काकूंच्याच हातच्या. त्या हातांची बोटं मी राहायला गेले तेव्हाच सांध्यांत सुजायला लागली होती. दुसऱ्या वर्षी लाटणं धरताना त्यांचा चेहरा बदलायला लागला.  लाटणं खाली ठेवायच्या, नळाखाली गरम पाण्यात हात धरायच्या आणि पुन्हा लाटायला घ्यायच्या.

मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर होते, ऑपरेशनच्या आधी भूल देणारे. सभेतल्या भाषणांवरूनही ते ओळखू येत असे. ते एकदा काकांच्या घरी येऊन म्हणाले, "लेट्स बी प्रॅक्टिकल, यार. वहिनींना त्रास कशाला? या वर्षी पोळ्या कॅन्सल करू. फ्रोझन पराठे आणू, नोबडी विल नोटिस."

डॉक्टरांशी काकांचं आधीच फारसं बरं नव्हतं. एका हिवाळ्यात हिमवादळामुळं ते या घरी मुक्कामाला राहिले होते आणि काकांनी कौतुकानं त्यांना गजराचा पलंग दिला होता. ठरलेल्या वेळेला हा पलंग आधी घंटा वाजवी, मग दिवा लावी आणि तरीही माणूस उठला नाही तर एका अंगाला कलून त्याला जमिनीवर ओती. डॉक्टरांची झोप गाढ होती. पहाटे त्यांना ओतल्याचा आवाज खालपर्यंत आला. त्यानंतर मंडळाच्या कार्यकारिणीत काकांचं नाव कधी आलं नाही.

तेव्हा फ्रोझन पराठ्यांचं नाव ऐकून काका उभे राहिले. "तमाम लोकांस कळावे," ते म्हणाले, "की पुरणपोळी होईल आणि हिच्या हाताला काहीही त्रास न होता होईल. मी पुरणपोळीचं यंत्र बनवतोय. हे यंत्र कुणाचं नाही. माझं आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आरशाला हात लावलेली बाई, मी काय बोलणार?

उन्हाळाभर गॅरेज दणाणत होतं. जुन्या वॉशिंग मशिनची मोटर, मेपल लाकडाचे दोन गुळगुळीत रूळ, त्यांच्यामधून सरकणारा पट्टा. एकीकडून पुरण भरलेला उंडा टाकायचा, दुसरीकडून पोळी बाहेर. आणि यंत्राच्या कपाळावर, सगळ्यांच्या आधी, चार स्क्रूंनी बसवलेली कोरी पितळी पाटी. पेटंट मिळेल त्या दिवशी तिच्यावर नाव कोरायचं होतं. अर्जाच्या आकृत्या काकांनी स्वतः काढल्या. यंत्रात उंडा टाकणारा एक हातही त्यात होता. पेटंटचा अर्ज भरणाऱ्या वकिलाचा फोन आला की आकृतीतल्या मनगटावर ही दोन वर्तुळं कसली आहेत, वर्णनात त्यांचा उल्लेख नाही. काका म्हणाले, "बांगड्या." वकिलानं विचारलं, यंत्र चालायला त्या आवश्यक आहेत का? काकांनी बराच विचार करून नाही म्हणून सांगितलं.

गॅरेजमध्ये यंत्र कसं चाललं म्हणून कुणी विचारू नये. दोन उंड्यांमागं एक पोळी निघत होती आणि काका तिला ‘आश्वासक’ म्हणत होते. गणपतीच्या दिवशी यंत्र कॅफेटेरियात आलं. लोक खुर्च्या टाकून भोवती बसले. डॉक्टर नव्या कोऱ्या रेशमी झब्ब्यात सर्वांत पुढं उभे होते. काकांनी बटण दाबलं. पहिली पोळी रुळाला चिकटली. काकांना वाटलं वेग कमी पडला, म्हणून त्यांनी वेग वाढवला. दुसरी पहिलीवर गुंडाळली गेली, तिसरी दुसरीवर, आणि रूळ बघता बघता बँडेज बांधलेल्या पायाएवढा जाड झाला. मग त्यातलं पुरण फुटलं. ते सगळ्यांवर सारखंच उडालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण ते एका रेषेत उडालं आणि त्या रेषेत मंडळाचे अध्यक्ष उभे होते.

"स्विच ऑफ करा! अहो, स्विच ऑफ!" डॉक्टर ओरडत होते.

आयुष्यभर स्विच बनवलेल्या माणसाला त्या क्षणी स्विच सापडेना. शेवटी नीतानं भिंतीतला प्लग उपटला. मुलांनी जागेवर उभं राहून टाळ्या वाजवल्या; मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला मुलांची इतकी मनापासून दाद मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. त्या वर्षी गणपतीनं नैवेद्याला चीज पिझ्झा घेतला. बिनकांद्याचा.

काका खचले का? छे. परत येताना गाडीत म्हणाले, "चिकटण्याचा प्रश्न तेवढा राहिला. पण कल्पना पक्की. पेटंट कल्पनेला मिळतं, पोळीला नाही." काकू मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी एकटीनं पुरण वाटलं होतं.

खचले ते पुढच्या वसंतात. वकिलाचा पुन्हा फोन आला आणि या वेळी बांगड्यांविषयी नव्हता. पेटंट कार्यालयानं अर्ज नाकारला होता. हेच यंत्र पूर्वीच कुणीतरी शोधून काढलेलं होतं. मिनेसोटातल्या एका नॉर्वेजियन शेतकऱ्यानं, पहिल्या महायुद्धाच्या आधी. नॉर्वेच्या लोकांत सणाला ‘लेफ्सा’ म्हणून बटाट्याची पातळ पोळी करतात. ती लाटायला त्यानं दोन रूळ, मध्ये सरकता पट्टा, अशी रचना केली होती. मोटर नव्हती, हातानं फिरवायचा दांडा होता, पण बाकी सगळं तेच. जुन्या पेटंटची प्रत टपालानं येत होती.

म्हणजे ज्या माणसानं वीस वर्षं जगाला ऐकवलं की सगळं १९२५च्या आत शोधून झालंय, त्याला सरकारनं अधिकृतपणे कळवलं की होय, बरोबर आहे तुमचं. मी ते बोललेही. "काका, तुमचा सिद्धांत सिद्ध झाला की." काकूंनी स्वयंपाकघरातूनच मला डोळ्यांनी गप्प केलं.  नंतर कितीतरी दिवस घरात तमाम लोकांस काहीच कळलं नाही. चहा झाला तरी नाही. शनिवारी ते वाचनालयात जाईनात, डुलत्या खुर्चीत न डुलता बसून राहत. पोस्टमननं पायपुसण्यावर निवांत उभं राहून पत्रं पेटीत टाकली, घंटा वाजली, तरी ते उठले नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं. थट्टा करायला माणूस ताठ उभा असावा लागतो.

ती प्रत आली तरी चार दिवस त्यांनी पाकीट फोडलं नाही. शेवटी काकूंनी फोडलं आणि समोर धरलं. "वाचा. कोण काय म्हणून राहिला ते तरी कळू द्या."

काकांनी चष्मा लावला आणि मेलेल्या आवाजात सुरुवात केली, "तमाम लोकांस कळावे..." चार ओळी झाल्यावर आवाजात थोडा जीव आला. त्या नॉर्वेजियनानं लिहिलं होतं की या यंत्राचा हेतू असा, सणासुदीला पुष्कळ माणसांसाठी पोळ्या लाटताना घरातल्या बाईच्या मनगटाला जे दुःख होते ते टळावे.

काकूंनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "तुम्ही अर्जात काय हेतू लिहिला होता?"

काका घुटमळले. "पोळीची जाडी सर्वत्र एकसमान यावी."

"माणूस चांगला होता हो तुमचा मिनेसोटावाला," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्याला भाऊजी म्हणायला लागल्या.

काका पुढं वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. पीठ चिकटू नये म्हणून दोन्ही रुळांवर मोज्यासारखी सुती कापडाची खोळ चढवावी व तिच्यात कोरडे पीठ चोळावे. काका उठून उभे राहिले. ज्या एका गोष्टीनं डॉक्टरांचा झब्बा खराब झाला होता, ती त्या माणसानं सत्तर वर्षांपूर्वी दोन ओळींत सोडवून ठेवली होती.

"कापड!" ते म्हणाले. "कापड माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"तुमच्या आई पोळपाटाला फडकं बांधूनच पुरणपोळी लाटायच्या," काकू शांतपणे म्हणाल्या. "वाईला मी त्यांच्याजवळच बसून पाहिलं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हटलं होतं, हे यंत्र कुणाचं नाही, माझं आहे."

सरकारी भाषेत ज्याला पूर्वीचा शोध म्हणतात तो मिनेसोटाच्याही आधी वाईत काकांच्या स्वतःच्या घरी लागलेला होता. पण वाईच्या पोळपाटाची नोंद करणारं कार्यालय वॉशिंग्टनमध्ये नसल्यामुळं तो मुद्दा तिथंच राहिला.

मिनेसोटावाल्यांचं पेटंट केव्हाच संपलं होतं, त्यामुळं यंत्र बनवायला कुणाची ना नव्हती. काकूंची जुनी सुती साडी रुळांवर चढली. यंत्रातून पोळ्या पडायला लागल्या: पातळ, अखंड, एकीसारखी दुसरी. त्या वर्षी कॅफेटेरियात काकू खुर्चीवर बसून उंडे टाकत होत्या आणि पोळी पलीकडे निघत होती, तशी तव्यावर जात होती. डॉक्टर या वेळी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि भाषणात संशोधन हा शब्द सहा वेळा वापरला. मुलं मात्र निराश झाली. त्यांना पुरण उडणार असं सांगून आणलं होतं.

आणि यंत्राच्या कपाळावरच्या पाटीवर काकांचं नाव होतं.

आदल्याच दिवशी कोरलेलं, चिंचेनं लखलखीत घासलेलं. काकूंनी ते हॉलमध्येच पाहिलं. घरी येऊन यंत्र उतरवेपर्यंत थांबल्या. मग गॅरेजमध्ये म्हणाल्या, "नाव ज्याचं त्याचं ना?"

"त्याच्या यंत्रात पुरण कुठाय?" काका तावातावानं म्हणाले. "त्याच्यात बटाटा आहे. पुरण माझं आहे."

"तुमच्या साहेबानं पण असंच म्हटलं असेल. स्विचात काहीतरी त्याचंही असेल."

काकांनी खाडकन गॅरेजचा दिवा घालवला. मी त्या वेळी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, त्यामुळं घरातून येणाऱ्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसला. साहेबाचं नाव काढल्यावर रागानं लाल व्हायचा तो चेहरा त्या दिवशी झाला नाही.

गणपती झाले, पितृपक्ष लागला. काकांचा यावर विश्वास नव्हता. काकू मात्र दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला सासूबाईंसाठी घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवायच्या. त्या वर्षी त्यांनी दोन पानं वाढली. एक सासूबाईंचं. दुसऱ्यावर एक पुरणपोळी जास्त.

"हे कुणाचं?" काकांनी विचारलं.

"मिनेसोटावाल्या भाऊजींचं. तिथी माहीत नसली की सर्वपित्रीलाच करतात."

"अगं, तो ल्यूथरन ख्रिश्चन असेल!"

"असू द्या. पोळ्याच करायचा ना?"

न्यू जर्सीचे कावळे धष्टपुष्ट, त्यांना पिझ्झाची सवय. तरी एक आला. सासूबाईंच्या पानावरचा वडा त्यानं पहिल्याच झेपेत उचलला. मग कठड्यावर बसून दुसऱ्या पानाकडे मान वाकडी करून बघत राहिला आणि उडून समोरच्या मेपलवर जाऊन बसला. आम्ही थांबलो. तो बसला होता, आम्हीही बसलो होतो.

"मॉम, व्हॉट आर वुई वेटिंग फॉर?" नीतानं विचारलं.

काकूंनी तिला समजावलं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहून गेली असेल तर कावळा त्याच्या पानाला शिवत नाही. मग घरच्यांनी ती इच्छा ओळखायची आणि पुरी करायचं मोठ्यानं कबूल करायचं.

नीतानं पानाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "सो ही इज अपसेट? अबाउट द नेमप्लेट?"

"शुद्ध मूर्खपणा," काका म्हणाले. "अमेरिकन कावळा आहे तो. त्याला पुरणपोळी म्हणजे काय ते माहीत नाही."  भात गार होत होता. काका आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग गॅरेजमधून स्क्रू काढल्याचा आवाज आला. चार स्क्रू. काका बाहेर आले तेव्हा पाटी हातात होती. डेकच्या पायऱ्यांवर मध्यभागी उभं राहून, त्या मेपलकडे तोंड करून, त्यांनी खर्ज लावला.

"तमाम लोकांस कळावे..." आणि त्यांनी त्या माणसाचं पूर्ण नाव घेतलं, गाव घेतलं, जिल्हा घेतला, त्यानं एक नवीन व उपयुक्त सुधारणा शोधून काढली आहे म्हणून सांगितलं, आणि पाटीवर त्याचंच नाव कोरण्यात येईल असं कबूल केलं. शेजारची बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, ती तशीच उभी राहिली. शेवटी शेवटी काकांचा आवाज फाटला. त्यांनी खोकून तो सर्दीवर ढकलला.

कावळा हलला नाही. पण कठड्याखालून एक खार आली, तिनं पुरणपोळी दोन्ही हातांत धरली आणि झाडावर पसार झाली.

काका ओशाळून काकूंकडे बघत राहिले. "खार चालते का?"

काकूंनी अगदी गंभीरपणे विचार केला. "त्यांच्यात चालत असेल," त्या म्हणाल्या, आणि आम्ही जेवायला बसलो.

पितळ वाया घालवायचं नाही म्हणून काकांनी तीच पाटी उलटी करून मागच्या बाजूवर मिनेसोटावाल्यांचं नाव कोरलं. त्यांचं स्वतःचं नाव लाकडाकडे तोंड करून आत राहिलं. पुढं मी नोकरी धरून रेडमंडला गेले, वजन नसलेल्या वस्तूंवर पोट भरायला लागले. काकांनी पुन्हा कधी पेटंटचा अर्ज केला नाही. फोनवर विचारलं की म्हणायचे, "आता काय शोधायचं? झालंय सगळं."

ते गेल्यावर काकू सनीव्हेलला नीताकडे राहायला गेल्या. नीता कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर झाली होती. बाकीची यंत्रं इकडे तिकडे वाटली गेली. गजराचा पलंग डॉक्टरांनी मागून घेतला, का ते मला कळलं नाही, आणि तो घेताना ते डोळे पुसत होते हे मात्र नीतानं मला सांगितलं. पोळीचं यंत्र तेवढं काकूंनी देशाच्या या टोकापासून त्या टोकाला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा नीताची गाडी बाहेर उन्हात उभी होती आणि गॅरेजमध्ये यंत्र. रुळावर दुसरी साडी चढली होती. कपाळावर मिनेसोटावाल्यांची पाटी होती, जरा काळवंडलेली. तिच्याखाली एक नवी कोरी पाटी होती. दुकानातून कोरून आणलेली, अक्षरं काकांच्या अक्षरांपेक्षा पुष्कळ सुबक. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पुरणापुरती सुधारणा’, आणि खाली काकांचं नाव, राहणार वाई.

"ही कधी लावलीत काकू?"

काकूंनी वाकड्या बोटांनी पदराचं टोक धरलं आणि ती पाटी उगाचच पुसली.

"मागच्या सर्वपित्रीला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बसलो होतो गं आम्ही दोघी. कावळा शिवेना."